लेअर ग्रुपमध्ये टाकताच फोटोवर राखाडी थर का येतो?

आपण विचारले आहे की, डॉज-बर्नसाठी (फोटोतील भाग उजळ वा गडद करण्यासाठी) सॉफ्ट लाइट या ब्लेंड मोडवर ठेवलेला ५० टक्के राखाडी लेअर सुटा असताना फोटोशॉपमध्ये व्यवस्थित दिसतो, परंतु तो ग्रुपमध्ये टाकून ग्रुपचा ब्लेंड मोड, म्हणजे खालच्या चित्रात मिसळण्याची पद्धत, नॉर्मल केला की संपूर्ण फोटो राखाडी होतो. आपली फाइल बिघडलेली नाही.

नवा ग्रुप पास थ्रू मोडमध्ये तयार होतो, म्हणजे आतील लेअरचा परिणाम थेट खालच्या फोटोवर होतो. नॉर्मल केल्यावर मात्र ग्रुपमधील लेअर आधी आपापसांत मिसळतात आणि त्यांचे एकत्रित चित्र फोटोवर ठेवले जाते. त्यामुळे सॉफ्ट लाइटला मिसळण्यासाठी खाली काहीच उरत नाही आणि राखाडी रंग जसाच्या तसा दिसतो. नौपाड्यातील स्टुडिओत, मसुंदा तलावाकाठी टिपलेल्या एका लग्नाच्या फोटोवर काम करताना, नवरीच्या गालावरील घामाची चमक कमी करणारा माझा कर्व्हज लेअर (खालच्या चित्राचा उजळपणा बदलणारा लेअर) याच कारणाने अचानक निष्प्रभ झाला होता.

लेअर्स पॅनेलमध्ये ग्रुप निवडून मोड पुन्हा पास थ्रू करावा. कर्व्हजचा परिणाम केवळ ग्रुपमधील चित्रावर हवा असेल, तर मात्र नॉर्मलच योग्य. गिंप या दुसऱ्या फोटो-संपादन प्रोग्रॅममध्ये नवा ग्रुप मुळातच नॉर्मल असतो, हेही ध्यानात असू द्यावे.

एक कळकळीची विनंती: असा ग्रुप मर्ज करू नका, म्हणजे त्यातील लेअर एकात विलीन करू नका, कारण मर्ज केल्यावरही हाच दोष उद्भवतो. सर्वांत वरचा लेअर निवडून कंट्रोल, ऑल्ट, शिफ्ट आणि ई या कळा एकत्र दाबल्यास दिसणाऱ्या फोटोची प्रत नव्या लेअरवर मिळते आणि मूळ लेअर शाबूत राहतात.