बंदीच्या महिन्यांचे पैसे आणि केरळची सहल

सप्रेम नमस्कार.

तुमच्या यजमानांची हर्णैला मासेमारीची नौका आहे, मुलगा 6 वर्षांचा, मुलगी 3 वर्षांची, आणि मे महिन्यात चौघांनी केरळला जाण्यासाठी 1,80,000 रुपयांच्या मुदत ठेवीतून 1,20,000 काढावेत की तेवढे वैयक्तिक कर्ज घ्यावे, असे तुम्ही विचारले आहे. लग्नानंतर एकदाही बाहेर जाणे झाले नाही, हे तुमचे वाक्य मी दोनदा वाचले. सहल व्हायलाच हवी. मात्र मे महिन्यात आणि या पैशांतून नको.

1 जून ते 31 जुलै मासेमारी बंद असते. तुम्हीच कळवल्याप्रमाणे त्या दोन महिन्यांचा घरखर्च 60,000, नौका शाकारणे (पावसाळ्यासाठी किनाऱ्यावर घेऊन झाकणे), जाळी व इंजिनाची दुरुस्ती 80,000 आणि शाळेचा खर्च 15,000, म्हणजे 1,55,000 रुपये ठरलेलेच आहेत. उरतात फक्त 25,000. ठेव मोडली तर जुलैत व्यापाऱ्याकडून उचल घ्यावी लागेल, आणि एकदा उचल घेतली की ऑगस्टच्या मासळीचा भाव तुमच्या हातात राहत नाही. कर्जाचे म्हणाल, तर 14 टक्के दराने 24 महिन्यांसाठी हप्ता सुमारे 5,760 रुपये, एकूण व्याज 18,000 च्या वर, आणि पहिले हप्ते नेमके नौका किनाऱ्यावर असताना.

माझ्या मते केरळ जानेवारीत करावे. पहिलीतल्या मुलाची आठवडाभराची शाळा बुडाली तरी चालेल. ऑगस्टपासून लिलावाचे पैसे हाती येतील त्याच दिवशी त्यांतला ठरावीक वाटा वेगळ्या बचत खात्यात टाका. तुमची मिळकत कमी-जास्त होणारी, त्यामुळे आवर्ती ठेव नको, तिचा हप्ता चुकला की दंड बसतो. विमानात 2 वर्षांवरील मुलाला पूर्ण आसन घ्यावे लागते. रत्नागिरीहून रेल्वेने एर्नाकुलमला गेलात तर मुलीला वेगळा बर्थ न घेतल्यास तिचे तिकीटच लागत नाही. आरक्षण 60 दिवस आधी खुले होते, तेव्हा नोव्हेंबरमध्येच करा. खोल्या स्वतः ठरवल्यास 70,000 मध्ये भागावे, असा माझा अंदाज आहे. म्हणजे पाच महिन्यांत महिना सरासरी 14,000.

मुलांना मे महिना कोरडा जाऊ नये, म्हणून उरलेल्या 25,000 मधून 10,000 घेऊन तीन दिवस कोल्हापूर-पन्हाळा करून या. एसटीत तुम्हाला आणि मुलाला अर्धे तिकीट, मुलीला काहीच नाही, म्हणजे चौघांचा प्रवास दोन तिकिटांत होतो. राहिलेले 15,000 मात्र नौका पुन्हा पाण्यात उतरेपर्यंत ठेवीतच राहू द्या.