धर्मावर टीका करणं आणि त्या धर्माच्या माणसांबद्दल आकस धरणं, यातली रेघ नेमकी कुठे असते?

तुम्ही लिहिलंय की ऑफिसात बुरख्याच्या प्रथेवर बोललात आणि एका सहकारी बाईंनी तुम्हाला द्वेष्टा ठरवलं. बुरख्याबद्दलचं तुमचं म्हणणं मला बरंचसं पटतं. पण ‘मी धर्मावर बोलतो, माणसांवर नाही’ हे तुमचं वाक्य वाचलं आणि उत्तर लिहायला बसलो. हे वाक्य मी माझ्या मोठ्या भावाच्या तोंडून शंभरदा ऐकलंय.

आम्ही बडोद्याचे, दांडिया बाजारातले. पणजोबा गायकवाडी नोकरीत आले आणि इथलेच झाले. दादा माझ्याहून बारा वर्षांनी मोठा. फुले आणि आगरकर त्यानेच माझ्या हातात दिले. बाबा गेले तेव्हा त्याने पिंडदान करायला साफ नकार दिला. भावकी तोंड फिरवून बसली, आई चार दिवस त्याच्याशी बोलली नाही, तरी हटला नाही. श्राद्धाला लागले असते तेवढे पैसे त्याने आमच्या गल्लीतल्या दोन मुलांच्या फीला दिले. मला त्याचा अभिमान वाटला होता आणि त्या गोष्टीचा आजही वाटतो.

2011 च्या जूनमधली गोष्ट. आमच्या वरच्या मजल्यावरच्या दोन खोल्या रिकाम्या झाल्या होत्या. मी तेव्हा एका केमिकल कंपनीच्या लॅबमध्ये होतो. माझ्या हाताखाली भरुचचा एक मुलगा नवा लागला होता. हुशार, कामाला चोख, लग्न ठरलेलं. तो मुसलमान होता. चार महिने घर शोधत होता. फोनवर जागा रिकामी असायची, नाव सांगितलं की कालच दिलेली असायची. मी म्हटलं, आमच्याकडे ये, माझा भाऊ जातपात, देवधर्म काही मानत नाही.

रविवारी सकाळी आला. चपला जिन्याच्या खालच्या पायरीशी काढल्या. खिशात स्टीलचा टेप होता, कारण फ्रिज आधीच घेऊन ठेवला होता आणि तो दारातून जातो की नाही हे बघायचं होतं. दादा हिंचक्यावर बसला होता. ‘मापी लउं, काका?’ असं विचारून त्याने दार मापलं आणि तळहातावर बॉलपेनने 31 लिहिलं. आईने चहा आणि पोहे दिले. स्वयंपाकघरात मटण शिजत होतं. आमच्याकडे दर रविवारी शिजतं, तेव्हा खाण्यापिण्याची सबब आमच्या घराला नव्हतीच.

मग दादाने नाव विचारलं. नाव ऐकल्यावर हिंचका थांबला. भाडं, डिपॉझिट, पाण्याची मोटर कोण चालवणार, यातलं काही न विचारता त्याने थेट विचारलं, ‘तीन तलाकबद्दल तुझं मत काय?’ मुलगा गडबडला, पण उत्तर त्याने नीट दिलं. त्याच्या फुफूला, म्हणजे आत्याला, असाच तलाक मिळाला होता, ती दोन पोरांना घेऊन माहेरी आली होती, आणि ही प्रथा कायद्याने बंद व्हायला हवी असं त्याचं मत होतं. दादाने पुढचा प्रश्न टाकला. मग आणखी एक. पंधरा-वीस मिनिटं हे चाललं. तो मुलगा दादाशी जवळपास प्रत्येक मुद्द्यावर सहमत होता. शेवटी दादा म्हणाला, ‘तू चांगला आहेस रे, पण तू अपवाद आहेस. खोली जमणार नाही.’

मी गप्प बसलो. घर दोघांच्या नावावर होतं, म्हणजे बोलायचा हक्क मलाही होता. मी फक्त त्याला स्कूटरवर स्टेशनपर्यंत सोडलं. सूरसागर तलावावरून जाताना तो मागे बसून तळहातावरचा आकडा अंगठ्याने पुसत होता, मला आरशात दिसत होतं. पुढे त्याला तांदळज्यात, शहराच्या मुसलमान वस्तीत, जागा मिळाली. माझ्याशी तो नंतरही नीट वागला, पण आमच्या घरी परत कधी आला नाही.

तुमच्या प्रश्नाचं माझं उत्तर त्या सकाळीच आहे. तीन तलाकवर दादा जे बोलत होता ते अक्षर न् अक्षर बरोबर होतं. 2017 साली सुप्रीम कोर्टानेही ती पद्धत रद्द ठरवली. टीका खरी होती, तरीही त्या मुलाशी दादा जे वागला तो निव्वळ आकस होता, कारण मुलाच्या कोणत्याही उत्तराने निकाल बदलणार नव्हता. प्रश्न विचारणं नुसतं नावाला होतं. म्हणून टीका खरी आहे की खोटी एवढं तपासून भागत नाही. ती टीका घेऊन तुम्ही समोरच्या माणसाचं काय करता, हेही बघावं लागतं.

दादा आंबेडकरांना फार मानतो, म्हणून त्यांच्याचबद्दल बोलतो. 1927 मध्ये महाडच्या सत्याग्रहाला पुण्याच्या केशवराव जेधे आणि दिनकरराव जवळकरांनी पाठिंबा देऊ केला, पण ब्राह्मणांना सत्याग्रहात घेऊ नये अशी अट घातली. आंबेडकरांनी अट नाकारली. आपला विरोध ब्राह्मण्याला आहे, ब्राह्मण जातीत जन्मलेल्या प्रत्येकाला नाही, अशी त्यांची भूमिका होती. त्याच वर्षी 25 डिसेंबरला महाडला मनुस्मृती जाळली, तो ठराव मांडणारे गंगाधर नीळकंठ सहस्रबुद्धे ब्राह्मण होते. ग्रंथ जाळण्याइतकी कडक टीका केली आणि त्यात जन्माने ब्राह्मण असलेल्या माणसाला पुढे उभं केलं. दोन्ही एकाच वेळी करता येतं, ते असं.

आणि आंबेडकरांना खोली नाकारली गेली ती याच शहरात. 1917 साली सयाजीरावांच्या नोकरीसाठी ते बडोद्यात आले. अस्पृश्य म्हणून हिंदूंकडे जागा मिळणार नाही हे ठाऊक होतं, म्हणून पारशांच्या एका धर्मशाळेत पारशी नाव सांगून राहिले. अकराव्या दिवशी डझनभर पारशी काठ्या घेऊन आले आणि संध्याकाळपर्यंत जागा सोड म्हणाले. एका हिंदू मित्राकडे गेले, तो म्हणाला, तुम्ही आलात तर माझे नोकर निघून जातील. एका ख्रिस्ती मित्राने बायकोला विचारून सांगतो म्हणत टाळलं. मग मुंबईची रात्रीची गाडी येईपर्यंत ते कमाटीबागेत बसून राहिले. हे त्यांनी स्वतः लिहून ठेवलंय. परदेशात शिकून आलेला माणूस, वेगवेगळ्या धर्मांच्या लोकांनी एकाच दिवसात दारं लावली, आणि त्यांच्या अंगी काय आहे हे त्यातल्या कोणालाच विचारावंसं वाटलं नाही. मी कमाटीबागेत फिरायला जातो तेव्हा मला ते तिथे बसलेले दिसतात आणि तळहातावरचा 31 दिसतो.

दादाचा आवडता माणूस अजून एक, मुस्लिम समाजसुधारक हमीद दलवाई. 18 एप्रिल 1966 ला दलवाईंनी सात मुसलमान बायकांना घेऊन मुंबईत विधानसभेवर मोर्चा नेला, तलाकच्या प्रश्नावर. 1970 मध्ये पुण्यात मुस्लिम सत्यशोधक मंडळ काढलं. स्वतःच्या समाजाशी भांडत 1977 साली, वयाच्या पंचेचाळिशीच्या आत गेले. दादा त्यांचे दाखले प्रत्येक वादात देतो. मी त्याला एकदा विचारलं, दलवाई बडोद्यात नोकरीला येऊन आपल्या दाराशी उभे राहिले असते, तर त्यांना तू खोली दिली असतीस का? तो उठून आत गेला.

आता तुमच्या सहकारी बाईंबद्दल. प्रथेवर बोललं की लगेच द्वेष म्हणणं मला मुळीच मान्य नाही. श्रद्धा दुखावतात म्हणून लोकांनी गप्प बसायचं ठरवलं असतं तर सती बंद झाली नसती आणि मंदिरं दलितांना उघडली नसती. 20 ऑगस्ट 2013 ला पुण्यात दाभोलकरांना गोळ्या घातल्या, त्या दिवशी दादाचा मला फोन आला आणि तो फोनवर रडला. दुखावणाऱ्या भावनांची भीती घालून माणसाला कुठपर्यंत नेता येतं हे आम्ही दोघांनी पाहिलंय. तेव्हा बोला, जरूर बोला. फक्त आपल्या घरातल्या प्रथेला जी फूटपट्टी लावता तीच दुसऱ्याच्याही प्रथेला लावा. सोवळ्यातली बाई बघून तुम्हाला आजी आठवत असेल आणि बुरख्यातली बाई बघून धोका वाटत असेल, तर फूटपट्ट्या दोन आहेत. त्या बाई स्वतः बुरखा वापरतात का, त्यांच्या घरात कोणी वापरतं का, हे तुम्ही लिहिलेलं नाही. त्यांना विचारलं होतंत का?

दादाच्या बाजूचंही सांगायला हवं. 2002 च्या दंगलीत त्याची स्कूटर जळाली आणि तो दोन दिवस घराबाहेर पडू शकला नाही. या शहरातल्या कितीतरी भागांत अशांत धारा, म्हणजे अशांत भागांचा कायदा, लागू आहे. 1991 च्या त्या कायद्याने घर विकायलाही कलेक्टरची परवानगी लागते. अशा गावात भीती असणार, दोन्हीकडे असणार, आणि ती मी खोटी म्हणत नाही. पण मग भीती वाटते असं म्हणावं. भीतीशी बोलता येतं, तिची समजूत घालता येते. भीतीला धर्मचिकित्सा असं नाव दिलं की बोलायची वाटच बंद होते, कारण मग माणूस स्वतःला सुधारक समजत राहतो.

वाडा आता पाडलाय, तिथे फ्लॅट उभे राहिलेत. गेल्या दिवाळीत फराळाला बसलो असताना मी दादाला त्या रविवारबद्दल विचारलं, आईच्या देखत. त्या पोराने काय उत्तर दिलं असतं तर तू खोली दिली असतीस? त्याने चिवड्याची वाटी खाली ठेवली, बराच वेळ खिडकीतून बाहेर बघत राहिला आणि म्हणाला, ‘त्याचा नंबर आहे का तुझ्याकडे?’ मी लगेच शोधून दिला. फोन केला की नाही ते त्याने सांगितलेलं नाही, आणि मी विचारलेलं नाही.