श्रॉपशरमधल्या खेड्यात घर घेण्यापूर्वी

आपले पत्र मिळाले. आपल्या पत्नीला इंग्लंडमधल्या हेरेफर्डच्या रुग्णालयात नोकरी मिळाली आहे, सप्टेंबरात निघायचे आहे, कोथरूडचा फ्लॅट ठेवावा की विकावा हे अजून ठरलेले नाही, आणि शहरात भाडे भरत बसण्यापेक्षा श्रॉपशरमधल्या लडलो या लहान शहराच्या आसपास एखाद्या शांत खेड्यात लगेच घर घ्यावे असा आपला विचार आहे. सोबत आपण गवताने शाकारलेल्या एका घराची जाहिरात पाठवली असून घर घेण्याची रीत, खर्च आणि गावातले राहणे कसे असते, हे विचारले आहे. मी लडलोपासून सात मैलांवरच्या एका गावात नऊ वर्षे राहते आहे, आणि त्यांपैकी पहिली दोन वर्षे मी भाड्याच्या घरात काढली. आपणही निदान पहिला हिवाळा भाड्याच्या घरातच काढावा असे माझे स्पष्ट मत आहे. त्याची कारणे पुढे येतीलच.

आधी कोथरूडच्या फ्लॅटविषयी लिहिते, कारण त्याचा इथल्या खरेदीशी असलेला संबंध बहुतेकांना फार उशिरा कळतो. इंग्लंडमध्ये घर घेताना जे मुद्रांक शुल्क भरावे लागते, त्याचे १ एप्रिल २०२५ पासूनचे दर असे आहेत: किमतीतल्या पहिल्या १,२५,००० पौंडांवर काही नाही, तिथून २,५०,००० पर्यंतच्या रकमेवर २ टक्के आणि त्यापुढे ९,२५,००० पर्यंतच्या रकमेवर ५ टक्के. आयुष्यातले पहिलेच घर घेणाऱ्याला सवलत मिळते, परंतु ‘पहिले घर’ याचा अर्थ जगात कुठेही पहिले, त्यामुळे पुण्यातला फ्लॅट त्यात मोजला जातो. शिवाय खरेदीच्या दिवशी जगात कुठेही दुसरे घर नावावर असेल, तर ऑक्टोबर २०२४ च्या अखेरीपासून संपूर्ण किमतीवर आणखी ५ टक्के भरावे लागतात, आणि नवरा-बायको एकत्र राहत असतील तर दोघांपैकी कोणाच्याही नावावरचे घर धरले जाते. आपण ज्या ३,६०,००० पौंडांच्या घराचा विचार करता, त्याचाच हिशेब मांडते. ज्याने कधीच घर घेतलेले नाही तो ३,००० पौंड भरेल, कोथरूडचा फ्लॅट विकून आलात तर आपण ८,००० भराल, आणि तो ठेवून घेतलेत तर २६,०००. खरेदीच्या आधीच्या बारा महिन्यांत या देशात १८३ दिवस वास्तव्य झालेले नसेल, तर आणखी २ टक्के, म्हणजे ७,२०० पौंड वर. उतरल्या उतरल्या घर घेण्याची घाई इतकी महाग पडते, आणि नंतरच्या वास्तव्यावर परतावा मागण्याची तरतूद असली तरी तेवढी रक्कम आधी हाताशी असावी लागते.

पैसा कुठून आला हेही इथला सॉलिसिटर, म्हणजे खरेदीचे कागद पाहणारा वकील, बारकाईने विचारतो, कारण काळ्या पैशाविरुद्धच्या कायद्याने ती जबाबदारी त्याच्यावर टाकलेली आहे. माझ्या वडिलांनी काही रक्कम दिली होती. ती भेट आहे, कर्ज नाही, आणि घरावर त्यांचा कोणताही हक्क राहणार नाही, असे त्यांच्याकडून लिहून घ्यावे लागले. त्यावरही भागले नाही, कारण वडिलांकडे ती कशी आली हा पुढचा प्रश्न होता, आणि ती आली होती साताऱ्याजवळची जमीन विकून. अशा रीतीने खरेदीखत, इंडेक्स टू आणि सातबारा यांचे प्रमाणित इंग्रजी भाषांतर श्रॉपशरच्या एका कचेरीत जाऊन पोहोचले, आणि ‘पोटखराबा’ म्हणजे काय हे मला त्या सॉलिसिटरबाईंना फोनवर समजावून सांगावे लागले. आपण फ्लॅट विकणार असाल, तर हे कागद आणि बँकेचे उतारे पुण्यातच भाषांतर करून घ्या. रक्कम भारतातून पाठवताना, निवासी भारतीय असेपर्यंत दर आर्थिक वर्षाला माणशी अडीच लाख डॉलरची मर्यादा असते आणि घरखरेदीसारख्या कारणासाठी दहा लाख रुपयांच्या वरच्या रकमेवर बँक २० टक्के कर आगाऊ कापून घेते. तो विवरणपत्रात वळता होतो, पण तोवर अडकून राहतो. अनिवासी झाल्यावर फ्लॅट विकला तर पैसे एनआरओ, म्हणजे अनिवासी भारतीयांच्या भारतातल्या रुपयांच्या, खात्यातून वर्षाला दहा लाख डॉलरपर्यंत बाहेर नेता येतात. आपल्या बाबतीत कोणता क्रम सोयीचा, हे सनदी लेखापालाला विचारूनच ठरवावे.

आता रीत. आपल्याकडे टोकन दिले की व्यवहार निम्मा झाला असे आपण धरतो, इथे तसे काहीच नसते. आपण किंमत सांगायची, विकणाऱ्याने ती मान्य करायची, आणि त्यानंतर सॉलिसिटरांची पत्रापत्री, स्थानिक कौन्सिलच्या नोंदींचा, पाणी-सांडपाण्याचा व पर्यावरणाचा शोध, कर्जाची मंजुरी, सर्व्हे म्हणजे घराच्या अवस्थेची तपासणी, हे सगळे तीन-चार महिने आणि कधी त्याहून अधिक चालते. या संपूर्ण काळात दोन्ही पक्ष कोणत्याही क्षणी अंग काढून घेऊ शकतात आणि त्यांना दंड होत नाही. आमचे पहिले घर असेच गेले. अकरा आठवडे झाले होते, सर्व्हेचे आणि शोधांचे पैसे भरून झाले होते, मी पडद्यांची मापेही घेतली होती, आणि एका शुक्रवारी एजंटाचा फोन आला की विक्रेत्याने दुसऱ्या कोणाची जास्त किंमत स्वीकारली आहे. गेलेले पैसे गेलेच. व्यवहार खऱ्या अर्थाने पक्का होतो तो दोन्ही बाजूंच्या करारांची अदलाबदल होते तेव्हा. त्या वेळी साधारण १० टक्के रक्कम द्यायची, घराचा विमा त्याच दिवसापासून उतरवायचा, आणि मग ठरलेल्या तारखेला उरलेली रक्कम भरून किल्ल्या घ्यायच्या. विकणाराही बहुधा दुसरे घर घेत असतो आणि त्याचा विक्रेता तिसरे, त्यामुळे या साखळीत एक कडी निसटली की सगळ्यांचे अडते. ज्या घराच्या मागे अशी साखळी नाही, ते थोडे महाग असले तरी मी त्याला झुकते माप देईन.

खेड्यातले घर पाहताना मात्र कागदांच्याही आधी तीन गोष्टी विचाराव्यात: पाणी येते कुठून, मैला जातो कुठे आणि ऊब कशाने मिळते. पुण्यात ही काळजी महापालिका आणि सोसायटी वाहते, इथल्या शहरांतही ती कोणी ना कोणी वाहते, खेड्यात ती आपल्या अंगावर येते. आमच्या गावात गॅसची वाहिनी नाही. घर तापते ते रॉकेलवर, तेच आपले शिधापत्रिकेवरचे रॉकेल, फक्त परसातल्या हजार लिटरच्या टाकीत साठवलेले. पुरवठादार बहुधा ५०० लिटरच्या खाली टँकर पाठवत नाहीत, आणि वीज व गॅसच्या दरांवर नियामकाची जशी कमाल मर्यादा आहे तशी रॉकेलावर नाही. पहिल्या वर्षी मी टाकीचा काटा पाहायला विसरले, डिसेंबरात बॉयलर बंद पडला आणि टँकर यायला नऊ दिवस लागले, त्या नऊ दिवसांत आम्ही स्वयंपाकघरात ओव्हनचे दार उघडे टाकून बसत होतो. आता गावातली वीसेक घरे मिळून एकत्र मागणी नोंदवतात, त्यात भावही बरा पडतो आणि आठवणही राहते.

मैल्यासाठी अनेक घरांना सेप्टिक टँक असतो, कधी दोन-तीन घरांत मिळून एक. जुन्या टाक्यांचे पाणी पूर्वी सरळ ओढ्यात किंवा चरात सोडलेले असे, आता नियमांनुसार ते चालत नाही. तशी टाकी बदलायची किंवा तिच्या जोडीला पाणी जमिनीत मुरवणाऱ्या सच्छिद्र नळ्यांचे जाळे करायचे, तर खर्च हजारांत जातो. म्हणून टाकी कोणत्या जमिनीत आहे, तिथवर जाण्याचा हक्क लेखी आहे का आणि ती शेवटी कधी उपसली, हे विकणाऱ्याकडून लिहून घ्यावे.

सर्व्हेत काटकसर करू नये. बँक जो पाहणी-अहवाल मागवते तो तिच्या कर्जाच्या सुरक्षिततेपुरता असतो, आपल्या माहितीसाठी नव्हे. शंभर वर्षांहून जुने घर असेल तर तिसऱ्या पातळीचा, म्हणजे सर्वांत सखोल सर्व्हे करावा. आमच्या सध्याच्या घराच्या वेळी सर्व्हेअरने दिवाणखान्याच्या भिंतीवर बोटाच्या पेराने टकटक केली, एका ठिकाणी आवाज पोकळ आला, तिथे ओल मोजायचे यंत्र लावले आणि म्हणाला, ‘कोणीतरी हिला सिमेंटचा रेनकोट घातला आहे.’ दगडाची जुनी भिंत चुन्यात बांधलेली असते आणि ती चुन्यातूनच सुकते, वरून सिमेंटचा गिलावा केला की आत शिरलेले पाणी आतच राहते. आजोबांच्या वाईच्या वाड्यात मी हेच ऐकत मोठी झाले होते, परंतु श्रॉपशरमध्ये कोणी तेच सांगेल असे वाटले नव्हते. तो गिलावा काढून पुन्हा चुन्याचा करून घेण्याइतकी रक्कम आम्ही किमतीतून कमी करून घेतली.

पुराचा नकाशा पाहताना फक्त नदी पाहू नका. एन्व्हायर्नमेंट एजन्सी या सरकारी पर्यावरण संस्थेच्या संकेतस्थळावर पत्ता घातला की नदीचा धोका वेगळा आणि पावसाच्या वाहत्या पाण्याचा धोका वेगळा दिसतो, आणि डोंगरउताराच्या गावांत दुसराच अनेकदा अधिक असतो. नोव्हेंबर २०२४ मध्ये बर्ट वादळात लडलोजवळच्या टेन्बरी वेल्सच्या बाजारपेठेत पाणी शिरले, ते टीम नदीने नव्हे तर काइर नावाच्या छोट्या ओढ्याने आणले होते.

आमच्या हातून एक चूक मात्र झाली. ताबा मिळाल्यानंतरच्या पहिल्याच रविवारी आम्ही परसात पोहे खात बसलो असताना फाटक उघडून काठ्या घेतलेली पाच माणसे आत आली, ‘गुड मॉर्निंग’ म्हणाली आणि आमच्या सफरचंदाच्या झाडाखालून पलीकडच्या फाटकाने निघून गेली. आमच्या परसातून सार्वजनिक पायवाट जाते. आपल्याकडच्या पाणंदीसारखी ती वहिवाट नकाशावर कायदेशीर नोंदलेली आहे, ती अडवता येत नाही, आणि सॉलिसिटरने पाठवलेल्या ८४ पानांत ती ७१ व्या पानावर स्वच्छ लिहिलेली होती. ते पान आम्ही वाचले नव्हते. आता त्या वाटसरूंचा त्रास वाटत नाही, उलट सफरचंदे जास्त झाली की फाटकापाशी टोपली ठेवली म्हणजे संध्याकाळपर्यंत ती रिकामी होते.

शांततेविषयी आपण फार अपेक्षेने लिहिले आहे, म्हणून सांगते. रहदारीचा आवाज नाही हे खरे, पण खेडे हे मुळात शेतीचे कामाचे ठिकाण आहे. ऑगस्टात पाऊस येण्याआधी पीक काढायचे म्हणून कापणीची यंत्रे रात्री अकरापर्यंत दिवे लावून चालतात, शेणखताचा द्रव शेतात पसरला की दोन दिवस कपडे बाहेर वाळत घालता येत नाहीत. उन्हाळ्यात कोकरे आयांपासून तोडतात तेव्हा मेंढ्या दोन-तीन रात्री सलग ओरडतात. माझी आई इथे आली असताना त्या पहिल्या रात्री दोन वाजता उठून माझ्या खोलीशी आली आणि म्हणाली, ‘अगं, कोणाच्या तरी घरी रडारड चालली आहे, जाऊन बघ तरी.’ याउलट डिसेंबरात चारच्या सुमाराला अंधार पडतो, रस्त्यावर एकही दिवा नसतो, आणि ती शांतता आठवडेच्या आठवडे सोसावी लागते. हिवाळा आधी काढून पाहा असे मी म्हणते ते यासाठी. माझ्या ओळखीचे एक कुटुंब जून महिन्यात घर पाहून भारावले आणि दुसऱ्या फेब्रुवारीत ते विकायला काढून बर्मिंगहॅमला गेले.

गाडीवाचून इथे चालत नाही. आमच्या गावात बस आठवड्यातून दोनच दिवस येते, आपल्या पत्नीच्या रुग्णालयातल्या कामाच्या वेळांना ती उपयोगाची नाही. लडलोहून हेरेफर्डला रेल्वे आहे, पण स्टेशनपर्यंत गाडी लागतेच. भारतीय परवान्यावर इथे राहायला आल्यापासून बारा महिने गाडी चालवता येते, त्यानंतर इथली लेखी आणि रस्त्यावरची परीक्षा द्यावी लागते, आणि परीक्षेची तारीख मिळायला महिने लागतात, तेव्हा इथे आल्याबरोबर अर्ज करावा.

गावकरी स्वीकारतील का, हा आपला शेवटचा प्रश्न. कोणी आपणहून घरात येऊन बसणार नाही, त्याला तुसडेपणा समजू नका. अरुंद रस्त्यावर समोरून गाडी आली तर आपण मागे घ्यावी आणि हात वर करावा, सार्वजनिक सभागृहातल्या कार्यक्रमाला खुर्च्या मांडायला जावे, पॅरिश कौन्सिलच्या सभेला एकदा तरी मागे बसून ऐकावे, एवढ्यावर ओळखी होतात. ती कौन्सिल म्हणजे आपली ग्रामपंचायतच, फक्त अधिकार फार थोडे, त्यामुळे भांडणेही बाके आणि गवत कापणे यांवरूनच होतात. कढीपत्ता आणि ज्वारीचे पीठ यांसाठी मी महिन्यातून एकदा बर्मिंगहॅमच्या सोहो रोडला जाते. मराठी माणूस भेटायला मात्र मुद्दाम प्रवास करावा लागतो.

आपण पाठवलेल्या घराची जाहिरात मी नीट पाहिली. ते ऐतिहासिक इमारतींच्या संरक्षित यादीत दुसऱ्या श्रेणीचे आहे, म्हणजे खिडकी बदलायलाही परवानगी लागते, आणि आधीच्या मालकाने परवानगीवाचून काही केले असेल तर ते पूर्ववत करण्याचा हुकूम नव्या मालकावरही बजावला जाऊ शकतो. शाकारलेल्या छपराचा आढा, म्हणजे माथ्यावरची कड, दहा-पंधरा वर्षांनी नव्याने करावा लागतो, आत लाकडाची शेगडी असेल तर विमा कंपन्या धुराड्याची तपासणी मागतात, म्हणून किंमत ठरवण्याआधी विम्याचा आकडा काढून घ्यावा. चौथ्या छायाचित्रात छपराच्या उजव्या टोकाला जाळी उचकटलेली दिसते, आणि जाहिरातीत सांडपाण्याविषयी एक शब्दही नाही. एजंटाला फोन कराल तेव्हा या दोन गोष्टी आधी विचारा, मग पायवाटेचे. आपण सप्टेंबरात आल्यावर मी आपल्याबरोबर ते घर पाहायला येईन, शक्यतो पावसाच्या दिवशी जाऊ.