साध्या यंत्रामुळे कार्य कमी होत नाही, मग काम सोपं कसं होतं?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: मुलीच्या पुस्तकात लिहिलंय की साध्या यंत्रांनी काम सोपं होतं, आणि चार पानं पुढं लिहिलंय की यंत्रामुळे कार्य (म्हणजे जोर गुणिले सरकलेलं अंतर) कमी होत नाही. ती विचारते, मग सोपं काय झालं? पोरीनं बरोबर जागी बोट ठेवलंय.

मी जालना जिल्ह्यातल्या परतूर-मंठा भागात वीसेक वर्षं हापसे दुरुस्त करत फिरलो, म्हणून हापशावरूनच सांगतो. यंत्र काम वाचवत नाही, जोराचे हप्ते पाडून देतं. एकदम भरायची रक्कम आठ हप्त्यांत भरा, एवढंच. वर घर्षणाचं व्याज लागतं ते वेगळं.

गावोगाव दिसतो तो हापसा म्हणजे इंडिया मार्क टू. तो १९७०च्या दशकात आला, पण त्याआधी आपल्या जालन्यात आणि सोलापुरात बनलेल्या मजबूत हापशांचा अनुभव त्यामागं आहे. त्याहीआधीचे ओतीव लोखंडाचे हापसे एका घरापुरते ठीक, अख्खं गाव दिवसभर हापसायला लागलं की मोडायचे. मार्क टूच्या आतला दट्टा, म्हणजे नळीत वरखाली होऊन पाणी उचलणारा पिस्टन, अडीच इंची. पाणी शंभर फुटांवर असेल तर त्या दट्ट्यावर पाण्याचा भार येतो साधारण ९५ किलो. एवढं वजन दोरीनं सरळ वर ओढा म्हटलं तर पैलवानही दोनचार वेळांत बसेल. पण दांड्याचं गणित एकास आठ. हाताला लागतात फक्त १२ किलो. त्याची किंमत अशी की आत दट्टा साडेबारा सेंटिमीटर उचलायला बाहेर हात मीटरभर खाली न्यावा लागतो, आणि एवढ्या खटाटोपात पाणी मिळतं जेमतेम चारशे मिली. पंधरा लिटरची घागर भरायची तर चाळीसेक वेळा हापसा. ९५ ला साडेबारा सेंटिमीटरनं गुणा किंवा १२ ला शंभरानं, हिशेब सारखाच. पुस्तकातली दोन्ही वाक्यं इथं एकाच वेळी खरी ठरतात.

शिवाय ते १२ किलो वर उचलायचे नसतात, खाली दाबायचे असतात. अंगाचं वजन टाकलं की झालं. दहा वर्षांची पोर हापसू शकते ती याच्यामुळं.

एका गावात हापशाचा दांडा रात्रीतून कुणीतरी भंगारात घातला. गावकऱ्यांनी वेल्डरकडून पडून असलेला पाइप जोडून घेतला, मूळ दांड्याच्या निम्म्या लांबीचा. महिनाभरानं मी गेलो तर बाया घागरी घेऊन उभ्या. एक म्हणाली, "मिस्तरी, पाणी लई खाली गेलं वाटतं. दोघी लोंबकळल्याबिगर येतच नाही." मी हापसून पाहिलं. पाणी चौथ्या हापशाला आलं, धार भरलेली. म्हणजे दट्ट्याचं वॉशर शाबूत आणि पाणीही जागेवरच. मग वितीनं दांडा मोजला आणि हसू आलं. दांडा निम्मा म्हणजे जोर दुप्पट, १२ चे २४ किलो. त्यात मूळ दांडा भरीव लोखंडाचा असतो, त्याच्या वजनानं दट्ट्यापर्यंत जाणाऱ्या आतल्या सळ्या तोलल्या जातात. पोकळ पाइपानं तोही आधार गेलेला. पुढच्या फेरीला पंचायतीनं मूळ मापाचा दांडा दिला, मी बसवला. एका आजीनं दोनदा हापसलं आणि शेजारणीला सांगितलं, मिस्तरीनं पाणी वर आणलं. मी काही बोललो नाही.

आता विहिरीवरच्या कप्पीचं सांगतो, कारण इथं पुष्कळांची गफलत होते. एकच चाक, ते आडव्या लाकडाला बांधलेलं, तर जोर एक किलोनंही कमी होत नाही. दहा किलोचा पोहरा दहा किलोच लागतो, वर चाक न वंगणलेलं असेल तर जास्तच. तरी कुणी कप्पी सोडून हातानं शेंदत नाही, कारण कप्पीनं दिशा बदलते: वाकून वर उचलण्याऐवजी उभं राहून खाली ओढायचं. बैलांनी पाणी ओढायच्या मोटेतही हीच अक्कल होती. मोटेची धाव, म्हणजे बैलांची ये-जा करायची वाट, विहिरीपासून उताराची करायचे. भरलेली मोट वर येताना बैल उतारावर, त्यांचं स्वतःचं वजनही नाडा, म्हणजे मोटेचा दोर, ओढायला कामी यायचं, आणि चढ चढायचा तो मोट रिकामी असताना. ज्यानं पहिल्यांदा धावेला उतार दिला त्याचं नाव कुणाला माहीत नाही.

घरातलं एक उदाहरण पुरे: अडकित्ता. सुपारी टोकाशी धरली तर फुटत नाही, खिळ्याजवळ सरकवली की कट्‌कन फुटते. माझी आई दात पडल्यावरही खांड चुऱ्यासारखी कातरायची.

उतरत्या फळीबद्दल मात्र पुस्तकावर आंधळा विश्वास ठेवू नका. डिझेलचा ड्रम फळीवरून गडगडत ट्रॉलीत चढवणं खरंच सोपं. सोयाबीनचं कट्टं फळीवर घासत नेऊन बघा, गोणपाट असं चिकटतं की वाचलेला जोर घर्षणातच जातो. म्हणून मोंढ्यातले हमाल कट्टं पाठीवरच घेतात, आणि फळी असलीच तर तिच्यावरून पायानं चालत चढतात.

मुलीला प्रकल्प करायचा असेल तर थर्माकोलची मॉडेलं नकोत. कापूस मोजायचा लटकता काटा घ्या, दोरीनं हापशाच्या दांड्याच्या टोकाला बांधा आणि हळूहळू खाली ओढत आकडा वाचा. मग तोच काटा दांड्याच्या मध्यावर बांधून पुन्हा वाचा. अगदी दुप्पट येईलच असं नाही, ओढ थोडी तिरकी झाली की आकडा बदलतो; पण फरक डोळ्यांत भरेल. सकाळी पाण्याची गर्दी ओसरल्यावर जा, नाहीतर बाया बोलतील. आणि ओढताना काट्याची दोरी निसटली तर दांडा एकदम वर येतो, तेव्हा तिला बाजूला उभं करा, हनुवटी दांड्यावर नको.