हार्ट फेल्युअर असताना वडिलांनी चालायला जावं का?
वडिलांना हार्ट फेल्युअर आहे, म्हणजे हृदय रक्त पुरेसं पंप करत नाही. त्यांचं पंपिंग (एका ठोक्यात हृदय आतलं किती रक्त बाहेर ढकलतं तो आकडा) ३० टक्के आहे, म्हणून घरचे त्यांना खुर्चीवरून उठू देत नाहीत. हे बरोबर का, असं तुम्ही विचारलंय. तब्येत स्थिर असेल तर अजिबात बरोबर नाही.

पूर्वी डॉक्टरही विश्रांतीच सांगत. अशा रुग्णांना व्यायामाचा काय उपयोग होतो हे पाहणाऱ्या, २००९ साली प्रसिद्ध झालेल्या एचएफ-ॲक्शन चाचणीत पंपिंग ३५ टक्के किंवा त्याहून कमी असलेले २,३३१ रुग्ण होते. व्यायाम त्यांना सुरक्षित ठरला, रोजचं जगणं थोडं सुधारलं. मृत्यू आणि ॲडमिट होणं यांत घट माफकच दिसली, तेव्हा औषधं कमी करायचा विचारही नको. बराचसा फायदा पायांच्या स्नायूंना आणि रक्तवाहिन्यांना होतो. त्यामुळे पंपिंगचा आकडा फारसा हलला नाही तरी माणसाला जिना चढताना कमी दम लागतो, आणि घरच्यांना हेच पटवून द्यावं लागतं!

आधी हृदयरोगतज्ज्ञांना विचारा. मग सपाट रस्त्यावर पाच-दहा मिनिटं, बोलता येईल इतक्याच वेगाने. जेवल्यावर लगेच नको. दोन-तीन दिवसांत वजन दोन किलोने वाढलं, पाय सुजले किंवा आडवं झाल्यावर दम लागला, तर चालणं थांबवून डॉक्टरांना कळवा. छातीत दुखलं, भोवळ आली तर थेट हॉस्पिटल गाठा.