आवाज उशिरा येतो, म्हणून सिंथ विकत घ्यायचा का?

प्रश्न : मी मिरजेत प्राथमिक शिक्षक आहे, भजनी मंडळात पेटी वाजवतो. मुलांच्या नाटुकल्यांना आणि कवितांना घरच्या घरी संगीत द्यावं असं फार दिवस मनात आहे. आठ जीबी रॅमचा विंडोज लॅपटॉप आहे. मित्राचा यूएसबी की-बोर्ड आणून फुकट मिळणारे सॉफ्टवेअर सिंथ, म्हणजे कॉम्प्युटरवरच चालणारे सिंथेसायझर, वाजवून पाहिले, पण पट्टी दाबल्यावर आवाज मागाहून येतो आणि हात अडखळतो. मित्र म्हणतो, सॉफ्टवेअर हा नुसता खेळ, सरळ खरा सिंथेसायझर घे. चाळीस हजार बाजूला काढले आहेत. काय घेऊ?

उत्तर : सर, आत्ता सिंथ घेऊ नका. तुमची तक्रार आवाजाच्या दर्जाची नाहीच, उशिराची आहे. आणि तो उशीर बहुतेक वेळा सॉफ्टवेअर सिंथमुळे होत नाही, लॅपटॉपमधल्या साध्या साउंडकार्डामुळे आणि त्याच्या ड्रायव्हरमुळे, म्हणजे ते कार्ड चालवणाऱ्या सॉफ्टवेअरमुळे, होतो.

कॉम्प्युटर आवाज आधी थोडा साठवतो आणि मग सोडतो. या साठ्याला बफर म्हणतात. सेकंदाला आवाजाचे ४४,१०० नमुने (सॅम्पल) धरले, तर ५१२ चा बफर म्हणजे ११.६ मिलिसेकंद. त्यात ड्रायव्हर आपली भर घालतो, ती वेगळी. बफर १२८ वर आणलात तर हाच आकडा २.९ होतो. तेवढ्या वेळात आवाज हवेतून साधारण एक मीटर जातो, म्हणजे पेटी मीटरभर लांब ठेवून ऐकल्याइतकाच फरक. बोटांना तो जाणवत नाही. मात्र लॅपटॉपच्या स्वतःच्या साउंडकार्डावर बफर इतका खाली आणला की आवाज तडतडायला लागतो. म्हणून आधी ऑडिओ इंटरफेस, म्हणजे लॅपटॉपला बाहेरून जोडायचं साउंडकार्ड, घ्या. स्वतःचा असिओ (विंडोजवर उशीर कमी ठेवणारा) ड्रायव्हर असलेला आणि दोन लाइन इनपुटचा. उद्या हार्डवेअर सिंथ घेतलात, तरी त्याचा स्टिरिओ आवाज लॅपटॉपमध्ये रेकॉर्ड करायला हीच वस्तू लागणार. हा पैसा कुठल्याच बाजूने वाया जात नाही.

सोबत ४९ पट्ट्यांचा, वर सात-आठ नॉब असलेला मिडी की-बोर्ड (स्वतःचा आवाज नसलेला, सॉफ्टवेअरला नुसते स्वर कळवणारा) घ्या. दोन्ही तुमच्या रकमेत बसतं.

सॉफ्टवेअर म्हणजे खेळ, हे मला मुळीच मान्य नाही. मी नाटकांना पार्श्वसंगीत देते आणि माझं निम्म्याहून जास्त काम सॉफ्टवेअर सिंथवर होतं. डेक्स्ड हा सॉफ्टवेअर सिंथ फुकट मिळतो आणि यामाहाच्या १९८३ सालच्या डीएक्स७ या सिंथचे मूळ आवाज त्यात जसेच्या तसे उघडता येतात. सर्ज एक्सटीही फुकट आहे. तुम्ही सुरुवात सर्जपासून करा. अगदी साधा सॉ वेव्हचा (करवतीच्या दात्यांसारख्या लहरीचा) आवाज लावा, फिल्टरच्या कटऑफवर (आवाजाचा वरचा भाग कुठून कापायचा ते ठरवतो तो) राइट क्लिक करून तो की-बोर्डच्या एका नॉबला जोडा. आता एक सूर धरून ठेवा आणि नॉब हळूहळू बंद करत आणा. आधी वरची चरचर जाते, मग आवाज गोल होतो, शेवटी नुसता घुमारा उरतो. एक आठवडा एवढंच करा. शंभर तयार आवाज चाळण्यापेक्षा कान यानं जास्त तयार होतो.

तुम्ही पेटीवाले, त्यात मिरजेचे, म्हणून एक गोष्ट मुद्दाम सांगते. नीट लागलेल्या तंबोऱ्याच्या खर्जातून जो गंधार आपोआप ऐकू येतो, तो की-बोर्डच्या गंधारापेक्षा सुमारे १४ सेंट (सेंट म्हणजे सेमीटोनचा शंभरावा भाग) उतरलेला असतो. सर्ज आणि डेक्स्ड या दोन्हींत स्केल फाइल (स्वरांच्या जागा लिहिलेली फाइल) घालून प्रत्येक स्वर हवा तिथे लावता येतो. स्वस्तातल्या अनेक हार्डवेअर सिंथमध्ये ही सोय नसते. कॉर्गच्या मोनोलॉगसारख्या मोजक्यांत असते. मींडेसाठी सिंथ मोनो (एका वेळी एकच स्वर) करा, पोर्टामेंटो (स्वरावरून स्वरावर घसरत जाणं) थोडा वाढवा आणि पिच बेंडची (स्वर वर-खाली ओढणाऱ्या चाकाची) हद्द दोनवरून पाच सेमीटोनवर न्या. मग षड्जावरून मध्यमापर्यंत एका ओढीत जाता येतं. पेटीवर हे कधीच शक्य नव्हतं, त्यामुळे तुम्हाला त्याचा आनंद फार होईल.

हार्डवेअरवर माझं मनापासून प्रेम आहे. १९८२ साली मुंबईत वादक चरणजित सिंग यांनी रोलँडच्या ज्युपिटर-८, टीबी-३०३ आणि टीआर-८०८ या यंत्रांवर राग वाजवून रेकॉर्ड केले, ते आजही ऐकताना अंगावर काटा येतो. बटण दाबलं की वाजायला तयार, स्क्रीनकडे बघायचं नाही, अपडेट नाही. मॅकवर २०१९ च्या कॅटालिना आवृत्तीनंतर ३२ बिटचे कितीतरी जुने प्लगइन (सॉफ्टवेअर सिंथही त्यातलेच) एका रात्रीत निकामी झाले. १९८३ चा डीएक्स७ मात्र नीट ठेवला असेल तर अजून वाजतो. पण तुमच्या रकमेतला अ‍ॅनालॉग सिंथ बहुधा चार स्वरांचाच मिळेल. डाव्या हाताने तीन स्वरांची कॉर्ड धरली की उजव्याला एकच उरतो, पाचवा वाजला की आधीचा एक गळतो. पार्श्वसंगीताला ते अपुरं पडतं.

सहा महिन्यांनी हात ज्या नॉबकडे पुन्हा पुन्हा जाईल, तो नॉब समोर असलेला सिंथ बघा. जुना घेणार असाल तर प्रत्येक पट्टी हळू आणि जोरात दाबून पाहा, प्रत्येक नॉब फिरवताना खरखर येते का ऐका. आणि मागची व्होल्टेजची पट्टी वाचल्याशिवाय प्लग लावू नका. जपानहून आलेली जुनी यंत्रं अनेकदा १०० व्होल्टची असतात. आपल्या २३० व्होल्टवर थेट लावली तर आतला ट्रान्सफॉर्मर जळतो.