अमेरिकेत रस्त्याच्या अलीकडच्या शेताला सरकारी मदत मिळाली, पलीकडच्याला नाही. असं कसं?

रस्ता दोन काउंट्यांची (काउंटी म्हणजे आपल्या जिल्ह्यासारखा भाग) हद्द असेल तर अगदी शक्य आहे. मका-सोयाबीनच्या पट्ट्यात बरेच शेतकरी ‘एआरसी-काउंटी’ योजना घेतात. तिच्यात तुमच्या शेतात किती पिकलं हे कुणी बघतच नाही. संपूर्ण काउंटीचं सरासरी उत्पादन गुणिले देशपातळीवरचा भाव, हा आकडा ठरलेल्या पातळीखाली गेला तरच पैसे. ही पातळी आधी मागच्या वर्षांच्या सरासरी उत्पन्नाच्या ८६ टक्के होती, २०२५ च्या कायद्याने ९० केली. म्हणजे तुमच्या शेतात गारपीट झाली आणि बाकी काउंटी मस्त पिकली, तर हातात शून्य! मला हे फार खुपतं. वैयक्तिक नुकसानीसाठी पीकविमा वेगळा काढावा लागतो.

दुसरी योजना ‘पीएलसी’, ती फक्त भावावर चालते. समजा मक्याचा आधारभाव बुशेलला (मक्याचं सुमारे २५ किलोचं माप) ४.१० डॉलर आणि बाजारात वर्षाची सरासरी ३.८० पडली. फरक ३० सेंट. शेताचं नोंदलेलं उत्पादन एकरी १५० बुशेल आणि ‘बेस’ १०० एकर असेल, तर पैसे बेसच्या ८५ टक्क्यांचे, म्हणजे ८५ एकरांचेच: ३,८२५ डॉलर.

‘बेस’ म्हणजे जुन्या पेऱ्यावरून जमिनीच्या नावे लागलेले एकर. यंदा काय पेरलंय याचा त्याच्याशी संबंध नाही. बेस नसलेल्या जमिनीला या दोन्ही योजनांतून काही मिळत नाही, त्यामुळे आधी तेच तपासा.

आणि पैसे लगेच येत नाहीत. २०२३ च्या पिकाचे ऑक्टोबर २०२४ नंतर.